बर्फावर मासेमारीचा तंबू कसा उभा करायचा (आणि उडू कसा द्यायचा नाही)

अमेरिकेतल्या मिनेसोटात जानेवारीत मायनस १५ म्हणजे बरा दिवस. अशाच एका बऱ्या दिवशी माझा नवाकोरा तंबू गोठलेल्या तळ्यावरून घरंगळत निघाला आणि मी मागून जड स्नोबूट घालून पळतोय, दोनदा आपटलो, तंबू थांबायचं नाव नाही, शेवटी दुसऱ्या कोणाच्या तरी तंबूला जाऊन धडकला. आतून एक आजोबा बाहेर आले, त्यांनी तंबूकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, अँकर कुठायत? अँकर, म्हणजे तंबू बर्फाला धरून ठेवणारे मोठे स्क्रू, बॅगेत होते. सहाच्या सहा, सील न फोडलेल्या पिशवीत.

तेव्हापासून संक्रांतीच्या कार्यक्रमाला कोणी नवीन आलेलं विचारतं की अरे ते आइस फिशिंग म्हणजे काय, आम्हाला पण ने, तेव्हा गोठलेल्या तळ्याला भोक पाडून त्यातून गळ टाकायचा एवढंच सांगून मी मासे, गळ, आमिष वगैरे बाजूला ठेवून आधी तंबूचं सांगतो. कारण गळ टाकणं आपल्याकडे खाडीवर, धरणावर थोडंफार सगळ्यांनी केलेलं असतं, पण चारी बाजूंनी उघड्या, सपाट, गुळगुळीत मैदानावर वाऱ्यात कापड उघडणं हा वेगळाच प्रकार आहे.

तंबू मुख्यतः दोन प्रकारचे. एक फ्लिप-ओव्हर, म्हणजे खाली प्लॅस्टिकची घसरगाडी, तिच्यावरच खुर्च्या आणि मागे घडी केलेलं कापड, आपण बसायचं आणि जुन्या बाबागाडीचं छत ओढतात तसं डोक्यावरून ओढून घ्यायचं. हा प्रकार लोकप्रिय केला तो इथल्याच डेव्ह गेन्झ नावाच्या माणसाने, १९८० च्या सुमारास, त्याआधी लोक लाकडी खोपटं ओढत न्यायचे आणि एका जागी ठेवली की मासे असोत नसोत तिथेच बसायचे. फ्लिप-ओव्हर उभारायला फार काही शिकावं लागत नाही, म्हणून तो इथे सोडतो. दुसरा प्रकार हब, आणि बहुतेक नवीन माणसं हाच घेतात कारण स्वस्त पडतो, गाडीच्या डिकीत मावतो आणि आत उभं राहता येतं.

हब कसा चालतो ते एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. पावसात वारा आला की छत्री उलटी होते बघा, फट्कन, आणि मग ती तशीच ताठ राहते? तेच तत्त्व. प्रत्येक भिंतीच्या मधोमध एक गोल तुकडा असतो, तोच हब, त्यातून फायबरग्लासच्या चार काड्या चार कोपऱ्यांकडे जातात. काड्या जागेच्या मानाने किंचित लांब असतात, त्यामुळे हब बाहेर ओढला की काड्या वाकतात, मधली अडचण ओलांडतात आणि पलीकडे जाऊन ताणून बसतात. भिंतीचे चार आणि छताचा एक असे पाच हब. हब ओढायला पट्टा दिलेला असतो, तोच धरायचा, कापड धरून ओढलं तर शिवण जाते. आणि तोंड लांब ठेवा, कारण काडी बसताना सटकली तर सरळ नाकावर येते.

विकत घेताना एकच सांगतो, खोक्यावर चार माणसांचा लिहिलंय म्हणजे आपल्या जनरल डब्यातल्या चार माणसांसारखं समजा. दोन माणसं, दोन खुर्च्या, हीटर, बादली, झाला फुल्ल. आणि परवडत असेल तर अस्तरवाला घ्या, वजन वाढतं पण साध्या कापडाला आतून श्वासाचं आणि हीटरचं पाणी धरतं आणि दिवसभर मानेवर टपटप पडत राहतं.

घेतलात की पहिल्यांदा घरीच उघडा, अंगणात किंवा गॅरेजमध्ये, दोनदा उघडा, दोनदा बंद करा. थंडीत जाड ग्लोव्ह्ज घालून पहिल्यांदा करायला गेलात तर कुठला पट्टा कशाचा ते कळत नाही, ग्लोव्ह्ज काढले की पाच मिनिटांत बोटं बधिर. खरं तर हे वाक्य ठळक अक्षरात लिहायला पाहिजे पण कोणी ऐकत नाही, मीही ऐकलं नव्हतं.

आता तळ्यावर. तंबूच्या आधी बर्फ. मिनेसोटाचं डीएनआर, म्हणजे नैसर्गिक संसाधनांचं सरकारी खातं, सांगतं की चालत जायला नवीन, पारदर्शक बर्फ कमीत कमी ४ इंच पाहिजे, स्नोमोबाईलला ५ ते ७, छोट्या कारला ९ ते १०, आणि पांढरा दुधाळ बर्फ असेल तर हे आकडे दुप्पट धरायचे कारण त्यात हवा आणि विरघळून पुन्हा गोठलेलं हिमाचं पाणी असतं, तो तेवढा मजबूत नसतो. किनाऱ्यापासून चालताना लोखंडी पहारीने टोचत जायचं, इथे तिला स्पड बार म्हणतात, आणि अधूनमधून ऑगरने, म्हणजे बर्फाच्या मोठ्या गिरमिटाने, भोक पाडून मोजायचं, एकाच ठिकाणी मोजून नाही भागत. जिथे ओढा मिळतो, पुलाखाली, लव्हाळ्याच्या कडेला, तिथे बर्फ पातळ असतो. गळ्यात आइस पिक्स, म्हणजे दोरीला बांधलेले दोन टोकदार हँडल, पडलंच तर ते बर्फात रोवून स्वतःला वर ओढता येतं. आणि मोठ्या तळ्यावर वारा नुसता तंबू उडवत नाही, अख्खा बर्फच तोडून नेतो. इथल्याच अप्पर रेड लेक नावाच्या तळ्यावर २०२३ च्या डिसेंबरअखेर शंभरावर माणसं अशीच तुटलेल्या बर्फावर अडकली होती, त्यांना सोडवून आणावं लागलं, आणि त्याच्या आदल्या वर्षी नोव्हेंबरअखेर तिथेच साधारण तसंच झालं होतं. हंगामाच्या सुरुवातीला घाई करू नका एवढंच.

जागा ठरवताना आधी भोकं, मग तंबू. उघड्यावर दोनतीन भोकं पाडून, सोनार, म्हणजे पाण्याखालचं दाखवणारं यंत्र, असेल तर खोली आणि हालचाल बघायची, जमली जागा की मग तिथे तंबू. बरेच जण आधी तंबू उभा करून आत बसतात आणि मग कळतं खाली तीनच फूट पाणी आहे. पेट्रोलचा ऑगर असेल तर तंबूच्या आत अजिबात चालवायचा नाही, धूर कोंडतो. तंबूखाली येणारं मोकळं हिम फावड्याने बाजूला सारून घ्या, नाहीतर हीटर लावल्यावर त्याचा चिखल होतो आणि बूट त्यातच. ते बाजूला सारलेलं हिम फेकू नका, लागणार आहे.

आता मुख्य काम. वारा कुठून येतोय ते बघा, हिम उडत असेल तर दिसतंच, नाहीतर मफलर काढून एक सेकंद गाल पुढे करा, तो सांगतो. बॅग अशी ठेवा की वारा तुमच्या पाठीवर येतो. तंबू बॅगेतून काढून जमिनीवर आडवा पसरा, अजून एकही हब ओढायचा नाही, आणि दार वाऱ्याच्या उलट्या बाजूला येतंय ना बघा. दार वाऱ्याच्या तोंडाला आलं की प्रत्येक वेळी कोणी आत आलं की तंबू शिडासारखा फुगतो.

मग वाऱ्याकडच्या बाजूचे दोन कोपरे, त्यांना अँकर. आधी अँकर. हबला हात लावण्याआधी अँकर. अँकर म्हणजे मोठा स्क्रूच असतो, बर्फात फिरवत घालायचा, तंबूपासून बाहेरच्या बाजूला थोडा कलता, मांडवाची खुंटी ठोकतात तशी. हाताने घालायचं म्हणजे पहिला पीळ धरेपर्यंत दमछाक होते, टोक नुसतं गोल फिरत राहतं, म्हणून कॉर्डलेस ड्रिलला लावायचा अडॅप्टर मिळतो तो घ्या, फार महाग नसतो आणि सहा अँकर दोन मिनिटांत बसतात. ड्रिलची बॅटरी मात्र जॅकेटच्या आत ठेवून न्या, थंडीत ती रडते.

दोन कोपरे पक्के झाले की वाऱ्याकडची भिंत उभी करा, पट्टा धरून हब बाहेर ओढा, फट् आवाज आला की बसला. मग त्या हबला बांधलेली दोरी घेऊन समोर तिसरा अँकर. ही दोरी लोक सोडून देतात आणि मग झोत आला की भिंत छत्रीसारखी उलटी आत येते, डोक्यावर, हीटर चालू असेल तर हीटरवर. दोरी ही त्या भिंतीला आत येऊ देत नाही, शोभेची नाहीये. यानंतर बाजूच्या दोन भिंती, मग दाराची, आणि शेवटी आत जाऊन दोन्ही हातांनी छताचा हब वर ढकलायचा. काही मॉडेलना आधी छत उघडायचं असतं, सोबतचं पत्रक बघा, पण वाऱ्याकडचे दोन अँकर पहिले हे कुठल्याही मॉडेलला. मग उरलेले कोपरे आणि दोऱ्या. दोघं जण असाल तर एकाने फक्त वाऱ्याकडची कड बुटाखाली धरून उभं राहायचं, दुसरं काही करायचं नाही, मदत करायला जायचं नाही, नुसतं उभं. आमच्याकडे हे काम मोठ्या मुलीकडे आहे आणि ती चिडते.

खूप थंडी असेल तर काड्या ठिसूळ होतात, अशा वेळी झटका देऊन ओढू नका. एखादी मोडलीच तर एक जादा काडी आणि डक्ट टेप सोबत असू द्या.

खाली कापडाची झालर असते, ती बाहेर पसरून तिच्यावर ते बाजूला ठेवलेलं हिम टाका, चारी बाजूंनी, पायाने दाबा. वारा खालून यायचा थांबला की आतलं हवामानच बदलतं. फक्त कोरडं हिम टाका. ऑगरच्या भोकातून आलेला ओला चिखल टाकलात तर झालर बर्फात गोठते आणि संध्याकाळी फाडूनच काढावी लागते.

हीटरबद्दल मी थोडा कटकट्या आहे. इथे प्रोपेनचे छोटे हीटर वापरतात, त्यात ऑक्सिजन कमी झाला किंवा हीटर कलंडला तर बंद होण्याची सोय असते, तरीही तंबूचे व्हेंट, म्हणजे हवेची झरोकी, उघडे ठेवायचे, दोन तरी, गारठा आला तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, नुसती झोप येते. बॅटरीवरचा अलार्म न्या. हीटर सपाट फळीवर ठेवा, नाहीतर खालचा बर्फ वितळून तो हळूहळू कलतो, आणि कापडापासून लांब.

एवढं झालं की बसा, भोकातून चाळणीने बर्फ काढा, हिवाळ्यात इथे एका माणसाला दोन गळ चालतात. तिळाचे लाडू न्यायचे असतील तर आतल्या खिशात, बाहेरच्या खिशातला लाडू दात पाडेल. परच नावाचे मासे मिळाले तर रवा लावून तव्यावर, आणखी काही लागत नाही. सोबत असेपर्यंत पोर्टेबल तंबूला वेगळं लायसन्स नाही, पण तो तसाच ठेवून २०० फुटांपलीकडे गेलात तर लागतं. माशांचं लायसन्स मात्र १६ वर्षं आणि त्यावरच्या बहुतेक सगळ्यांना.

आवरताना सगळं उलटं. लोक दमलेले असतात, अंधार पडलेला असतो आणि नेमके वाऱ्याकडचे अँकर आधी काढतात कारण ते गाडीच्या बाजूला असतात. माझा दुसरा तंबू असाच जाता जाता राहिला. हीटर आधी बंद, गार होऊ द्या, सामान बाहेर. झालरीवरचं हिम बाजूला करा, गोठली असेल तर बुटाच्या टाचेने हळूहळू सैल करा, ओढू नका. चेन गोठली तर हाताने दाबून बर्फ फोडा. छताचा हब खाली ओढा, दाराची भिंत आत ढकला, मग बाजूच्या, वाऱ्याकडची सगळ्यात शेवटी. तंबू पूर्ण आडवा पडला, एकाने गुडघा टेकवून त्यावर वजन दिलं की मग ते शेवटचे दोन अँकर. काड्या एका दिशेला जुळवून गुंडाळा, नाहीतर बॅगेत जात नाही, बॅग नेहमी तंबूपेक्षा दोन इंच लहान शिवलेली असते, का ते मला माहीत नाही.

घरी आल्यावर बॅगेतच टाकून झोपू नका, गॅरेजमध्ये उघडा करून पूर्ण वाळू द्या, नाहीतर पुढच्या शनिवारी न धुतलेल्या रेनकोटचा वास आणि शिवणीवर काळी बुरशी. आणि तळ्यावरून निघण्याआधी अँकर मोजा. हिमात एखादा पायाखाली गेला की दिसत नाही, मी माझ्या सगळ्यांना नारिंगी रंग मारलाय, तरी परवा पाचच भरले, टॉर्च घेऊन वीस मिनिटं शोधला, सहावा मुलीच्या खिशात होता.