परदेशी ग्राहकाला त्याच्या चलनात किंमत: दर कुठे गोठवायचा आणि आकडे कुठे चुकतात

ऑनलाइन दुकानात किंमत परकीय चलनात दाखवणं वेगळं आणि पैसे त्या चलनात घेणं वेगळं. बहुतेक तक्रारी या दोहोंची गल्लत झाल्याने येतात. समजा, वस्तूच्या पानावर ३९ युरो दिसतात, पण चेकआउटला गेटवे (कार्डाचे पैसे घेऊन दुकानाच्या खात्यात जमा करणारी सेवा) रक्कम दुकानाच्या मूळ चलनात कापतो. मग ग्राहकाची बँक स्वतःचा दर लावते, वर परकीय व्यवहाराचा आकार घेते आणि स्टेटमेंटवर ४०.६० युरो उमटतात. ग्राहकाला वाटतं, दुकानाने फसवलं. म्हणून आधी गेटवेकडून दोन याद्या घ्या: तो कोणत्या चलनांत पैसे स्वीकारतो आणि तुमच्या खात्यात कोणत्या चलनांत जमा करतो. पहिल्या यादीत नसलेल्या चलनात फक्त अंदाजे किंमत दाखवा. ‘अंदाजे’ हा शब्द आकड्याला चिकटूनच हवा आणि प्रत्यक्ष कापली जाणारी रक्कम पैसे भरायच्या बटणाशेजारी चलनासकट लिहिलेली हवी.

सुरुवातीला दोन-तीन चलनं पुरेत. प्रत्येक नव्या चलनाबरोबर दर, कूपन, रिफंड आणि हिशेब सांभाळायचं कामही वाढतं.

किंमत ठरवण्याच्या पद्धती दोन. दर मिनिटाला बदलणाऱ्या दराने आपोआप रूपांतर करायचं, किंवा प्रत्येक चलनासाठी स्वतंत्र दरपत्रक ठेवायचं. पैसे ज्या चलनात घ्यायचे, त्यासाठी दरपत्रकच ठेवा. आपोआप रूपांतरात सकाळची किंमत संध्याकाळी टिकत नाही, जाहिरातीतला आकडा पानाशी जुळत नाही आणि कार्टमध्ये ठेवलेली वस्तू दुसऱ्या दिवशी महाग झालेली दिसते.

दरपत्रकासाठी दर कोणता धरायचा? युरोपीय मध्यवर्ती बँक कामाच्या दिवशी मध्य युरोपीय वेळेनुसार दुपारी चारच्या सुमारास संदर्भ दर जाहीर करते. पण ते माहितीपुरते असतात, त्या दराने तुमचे पैसे कुणी बदलून देणार नाही. तुमचा खरा दर गेटवेच्या सेटलमेंटच्या, म्हणजे खात्यात पैसे जमा केल्याच्या, अहवालात असतो. गेटवेचं व्यवहार शुल्क वजा करण्याआधीची मूळ चलनातली रक्कम घ्या आणि तिला ग्राहकाने भरलेल्या परकीय रकमेने भागा. हा दर त्या दिवशीच्या संदर्भ दरापेक्षा जितके टक्के कमी, तितका तुमचा चलनबदलाचा खर्च. अशा वीसेक व्यवहारांची सरासरी काढा.

आता प्रत्यक्ष हिशेब. मूळ किंमत ४० डॉलर, दर १ डॉलरला ०.९२ युरो धरू. थेट रूपांतर ३६.८० युरो. चलनबदलाचा खर्च २ टक्के आणि दर हलण्यासाठी राखीव ३ टक्के, मिळून ५. इथे बरेच जण ३६.८० ला १.०५ ने गुणतात आणि ३८.६४ काढतात. पण खर्च कापला जातो तो वाढवलेल्या रकमेतून, ३८.६४ मधून ५ टक्के गेले की ३६.७१ उरतात, म्हणजे घाटा. बरोबर रीत ०.९५ ने भागण्याची: ३८.७४. मग त्या बाजारात सवयीचा दिसेल असा आकडा वरच्या बाजूला धरा, इथे ३९. खाली उतरवलात तर राखीव भाग तिथेच संपतो.

दर आठवड्याला एकदा तपासा, पण दरपत्रक बदला ते दर ३ टक्क्यांपलीकडे सरकल्यावरच. हाच आकडा आपण राखीव धरला आहे. तेवढ्या हालचालीत किंमत स्वतः तग धरते.

ऑर्डर होताच दर गोठवा. ऑर्डरच्या नोंदीत पाच गोष्टी कायम जपा: चलनाचा तीन अक्षरी कोड, भरलेली रक्कम, वापरलेला दर, दराची तारीख-वेळ आणि मूळ चलनातली रक्कम. जुनी ऑर्डर उघडल्यावर आजच्या दराने पुन्हा हिशेब मांडणारं सॉफ्टवेअर हिशेबाची वाट लावतं. रिफंडच्या वेळी याच नोंदी कामी येतात. ग्राहकाने ३९ युरो भरले असतील तर ३९ युरोच परत जायला हवेत, आजच्या दराने तेवढे होणारे डॉलर नव्हेत. मधल्या काळात युरो महागला तर फरक दुकानाचा, आणि चलनबदलाचा आकार बहुधा परत मिळत नाही. ज्या मालाचं परत येण्याचं प्रमाण मोठं, त्याला राखीव भाग जास्त ठेवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक दशांशांची. बऱ्याचशा चलनांना दोन दशांश स्थळं असतात. जपानी येन आणि दक्षिण कोरियाच्या वॉनला एकही नाही, तर कुवेत, बहरीन आणि जॉर्डनच्या दिनारांना आणि ओमानच्या रियालला तीन आहेत. अनेक गेटवे रक्कम चलनाच्या सर्वांत लहान एककात मागतात: ३९ युरो म्हणजे ३९००, १२.५०० दिनार म्हणजे १२५००. सगळ्या चलनांना डोळे झाकून शंभराने गुणणारा कोड ६,२०० येनऐवजी ६,२०,००० येन कापतो. दशांशांची संख्या आयएसओ ४२१७ या चलनांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या यादीतून चलनागणिक घ्या, गेटवेने काही चलनांसाठी वेगळा नियम दिलाय का ते पाहा, आणि रकमा फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या संख्याप्रकारात, साठवू नका.

नगाची किंमत आधी रूपांतरित करून पूर्णांकित करा, मग नगसंख्येने गुणा. २.४९ डॉलरचे १२ नग ०.९२ दराने असे २७.४८ युरो होतात, एकूण २९.८८ डॉलर थेट रूपांतरित केले तर २७.४९. एका सेंटचा फरक, पण बिलावरच्या ओळींची बेरीज एकूण रकमेशी जुळत नाही.

ठरावीक रकमेच्या कूपनांना आणि मोफत पाठवणीच्या मर्यादेला प्रत्येक चलनात वेगळा आकडा द्या. १० डॉलरची सूट नुसता ‘१०’ म्हणून साठवली तर कुवेती दिनारात ती तीस डॉलरहून जास्त होते.

चिन्हावर विसंबू नका. डॉलरचं चिन्ह अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि सिंगापूर वापरतात. येन आणि युआनचंही चिन्ह एकच. त्यामुळे किमतीसोबत चलनाचा कोड लिहा. आयपी पत्त्यावरून चलन सुचवायला हरकत नाही, पण ते बदलण्याची सोय ठळक हवी, कारण प्रवासातला किंवा व्हीपीएन वापरणारा ग्राहक भलत्याच देशातला दिसतो. पानांची कॅशे (एकदा तयार झालेलं पान साठवून पुढच्या ग्राहकांनाही तेच देण्याची सोय) वापरत असाल तर साठवलेलं पान ज्या किल्लीने शोधलं जातं तिच्यात चलनही घाला; नाहीतर जपानी ग्राहकासाठी तयार झालेलं पान जर्मन ग्राहकाला मिळतं.

कराचा मेळ चलनाशी नव्हे, माल जाणार त्या देशाशी घाला. युरोपीय संघातल्या ग्राहकाला दाखवायची किंमत व्हॅटसह असते, अमेरिकेत विक्रीकर साधारणपणे शेवटी वेगळा लागतो. १ जुलै २०२१ पासून संघाबाहेरून येणाऱ्या १५० युरोपर्यंतच्या मालाचा व्हॅट विक्रीच्या वेळीच घेऊन आयओएसएस या संघाच्या, आयातीवरचा व्हॅट एकाच ठिकाणी भरण्याच्या पद्धतीने भरता येतो. ती वापरत नसाल, तर डिलिव्हरीच्या वेळी वेगळा कर पडू शकतो हे चेकआउटलाच लिहा. न सांगता पडलेल्या कराचं पार्सल ग्राहक नाकारतो.

सुरू करण्यापूर्वी तीन चलनांत खरी खरेदी करून पाहा: एक दोन दशांशांचं, एक बिनदशांशाचं आणि एक तीन दशांशांचं. प्रत्येक ऑर्डरचा अर्धा रिफंड करा आणि पान, कार्ट, ईमेल, बिल आणि कार्डाचं स्टेटमेंट अशा पाचही ठिकाणचे आकडे शेजारी-शेजारी मांडा. पहिल्या चार ठिकाणचे जुळले आणि स्टेटमेंटचा तेवढा वेगळा निघाला, तर कार्ड कोणत्या चलनातलं आहे ते आधी बघा. कार्ड आणि ऑर्डर एकाच चलनातलं असूनही फरक आला तर गेटवे तुम्हाला न कळत मूळ चलनात पैसे कापत असण्याची शक्यता आहे.