शंभर मीटरचा वेग कसा वाढवावा: सोलापूरच्या मैदानावर करता येईल असा सराव

सोलापुरातल्या कोणत्याही मोकळ्या मैदानावर पहाटे गेले, तर पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतात. भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते, शिवाय दोघांनाही 100 मीटर. पण बहुतेकांचा सराव लांब पल्ल्यालाच धरून चालतो. रोज पाच किलोमीटर पळून दम वाढतो, शंभर मीटरची वेळ मात्र जिथल्या तिथे राहते, आणि मग ‘अजून पळ’ असा सल्ला मिळतो. हा सल्ला मला मनापासून खटकतो, कारण वेगाचा सराव अंग थकवण्यासाठी नसतो. तो ताज्या पायांनी, पुरेशी विश्रांती घेत करायचा असतो.

यामागचे कारण आधी समजून घ्यावे. पीटर वेयँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले की, पूर्ण वेगात असताना पाय मागून पुढे आणायला वेगवान आणि संथ धावपटूंना जवळपास सारखाच वेळ लागतो. खरा फरक पडतो तो पाय जमिनीवर असताना ती किती जोराने दाबली जाते, यात. आणि त्यासाठी वेळ किती मिळतो? पूर्ण वेगात असलेल्या उत्तम धावपटूचा पाय सेकंदाच्या साधारण दहाव्या भागाएवढाच जमिनीवर टेकतो. एवढ्या क्षणात पूर्ण ताकद लावण्याची सवय थकलेल्या पायांना लागत नाही.

सरावाची सुरुवात मोजमापाने करावी. स्टॉपवॉचवर भिस्त ठेवू नये, कारण हाताने घेतलेली वेळ प्रत्यक्षापेक्षा कमी भरते. म्हणूनच अ‍ॅथलेटिक्समध्ये 100 मीटरची हातघड्याळाची वेळ विद्युत घड्याळाशी ताडताना तीत 0.24 सेकंद मिळवण्याची पद्धत आहे. त्याऐवजी मोबाइल वापरावा. मैदानावर 30 मीटर वेग घेण्यासाठी सोडून पुढच्या 20 मीटरच्या दोन्ही टोकांना फक्कीने रेघ मारावी, मोबाइल या 20 मीटरच्या मधोमध बाजूला स्थिर ठेवावा आणि सेकंदाला 60 चित्रे घेणारे चित्रीकरण करावे. छाती पहिल्या रेघेवर आल्यापासून दुसऱ्या रेघेवर येईपर्यंतची चित्रे मोजून 60 ने भागले की वेळ मिळते. कॅमेरा मधोमध असल्यामुळे दोन्ही टोके तिरकी दिसतात. म्हणून दोन्ही रेघांवर उभ्या खुणाही लावाव्यात, त्या धावण्याच्या वाटेला अगदी लागून असाव्यात, वीतभराहून लांब नकोत.

अशा तीन धावा घ्याव्यात. समजा, वेळा 2.42, 2.47 आणि 2.40 सेकंद आल्या, तर पुढच्या महिन्यात 2.38 दिसल्यावर प्रगती झाली असे मानू नये, कारण एकाच सकाळचा चढउतार त्याहून मोठा आहे. चाचणीची वेळही बदलू नये: पहाटे शरीराचे तापमान कमी असते आणि संध्याकाळी अंग आपोआप गरम असल्याने वेळ थोडी चांगली येते.

मैदान निवडताना काळ्या मातीचे टाळावे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसाळ्यात ती पायाला धरते. दाबलेल्या मुरुमाची सपाट पट्टी उत्तम. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, म्हणून दिवाळीनंतर सुरुवात करणे सोयीचे. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत आठ आठवडे सहज मिळतात.

आता प्रत्यक्ष सराव. दहा मिनिटे हलके धावून अंग गरम करावे, गुडघे वर उचलत चालणे, पाय झुलवणे अशा हालचाली कराव्यात आणि 50 मीटरच्या तीन धावा क्रमाक्रमाने वेग वाढवत घ्याव्यात. एकाच जागी उभे राहून स्नायू मिनिटभराहून अधिक ताणून धरणे धावण्याआधी नको, त्याने पुढच्या धावेची ताकद कमी होते. मी स्वतः शाळेत असताना स्पर्धेपूर्वी असेच ताण घेऊन, अंग गरम न करता धावलो आणि साठाव्या मीटरला मांडीमागचा स्नायू धरला. पुढचा दीड महिना बसून गेला.

आठवड्यातून दोनच दिवस वेगाचे असावेत आणि त्यांच्यामध्ये किमान 48 तास जावेत. पहिल्या दिवशी उभ्या स्थितीतून 20 मीटरच्या सहा धावा घ्याव्यात. अंग पुढे झुकलेले असावे आणि जमीन मागे ढकलण्यावर लक्ष असावे. दुसऱ्या दिवशी 30 मीटर वेग घेऊन पुढचे 20 मीटर पूर्ण वेगात, अशा चार धावा. धावलेल्या प्रत्येक 10 मीटरमागे सुमारे एक मिनिट विश्रांती, म्हणजे 50 मीटरनंतर पाच मिनिटे. स्नायूंतील क्रिएटिन फॉस्फेट हे झटपट इंधन काही सेकंदांतच बरेचसे खर्च होते आणि ते भरून यायला मिनिटे लागतात. मुलांना ही विश्रांती आळशीपणा वाटते, म्हणून त्यांना हे कारण सांगावेच. वेळ किंवा ढब बिघडू लागली की त्या दिवसाचा सराव तिथेच थांबवावा.

लांब पल्ल्याची धाव सोडायची नाही, ती वेगाच्या दिवशी आधी घ्यायची नाही, एवढेच.

ताकदीसाठी बैठका, एका पायावरच्या बैठका आणि उड्या पुरेशा आहेत; पण मांडीमागच्या स्नायूसाठीचा एक व्यायाम मी कोणालाही चुकवू देत नाही. जोडीदाराने घोटे घट्ट धरावेत, आपण गुडघ्यांवर उभे राहून, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवत, शक्य तितक्या सावकाश पुढे झुकावे आणि तोल गेला की हातांवर पडावे. या व्यायामाला नॉर्डिक म्हणतात, आणि अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यावर त्याचा समावेश करणाऱ्या संघांत या स्नायूच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आलेल्या दिसल्या. पहिल्या आठवड्यात पाच-पाचचे दोनच फेरे करावेत, नाहीतर दोन दिवस बसता-उठता मांड्या ठणकतात.

शंभर मीटर शेवटपर्यंत वेग वाढवत धावता येत नाही, हेही ध्यानात असावे. उसेन बोल्टने 2009 साली बर्लिनमध्ये 9.58 सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा 60 ते 80 मीटरचा टप्पा त्याने 1.61 सेकंदांत कापला आणि शेवटच्या 20 मीटरला 1.66 सेकंद लागले. म्हणून अखेरीस खांदे आणि जबडा सैल ठेवून मिळवलेला वेग टिकवावा.

सहा आठवड्यांनी त्याच मैदानावर, त्याच वेळी, तेच बूट घालून पुन्हा तीन धावा मोजाव्यात. तिन्ही वेळा पूर्वीच्या सर्वोत्तम वेळेहून कमी आल्या, तर सराव लागू पडतो आहे. तसे नसेल, तर धावा वाढवण्याआधी आठवडाभर सराव निम्म्यावर आणावा, झोप पुरी करावी आणि मग पुन्हा मोजावे.