घरच्या राउटरवरून इंटरनेट फोन कसा सुरू करावा

घरात मोबाइलची रेंज येत नसेल, किंवा वडीलधाऱ्यांना बटणांचा साधा फोनच सोयीचा वाटत असेल, तर राउटरवरून इंटरनेट कॉलिंग जरूर सुरू करा. सेटिंग भरणे पटकन होते. खरा वेळ द्यायचा तो आवाज दोन्ही बाजूंना नीट पोहोचतो का हे तपासायला, आणि बहुतेक जण नेमके तेच टाळतात.

आधी राउटरची मागची बाजू पाहा. नेटवर्क केबलच्या सॉकेटपेक्षा लहान, ‘फोन’ किंवा ‘टेल’ असे लिहिलेले सॉकेट असेल तर साध्या फोनची वायर त्यातच बसते. सॉकेट नसेल, किंवा इंटरनेट कंपनीने राउटरमधले फोनचे सेटिंग बंद करून ठेवले असेल, तर वेगळा व्हीओआयपी अडॅप्टर, म्हणजे साधा फोन इंटरनेटवर चालवणारा छोटा डबा, घ्या. तो केबलने राउटरला जोडायचा आणि फोन त्याला. जुन्या टेलिफोन लाइनची भिंतीतून येणारी वायर मात्र या सॉकेटमध्ये कधीच लावू नका. सॉकेट स्वतःच फोनला वीज पुरवते, त्यामुळे दोन्हीकडून वीज आली तर ते जळू शकते.

मग इंटरनेट फोनची सेवा देणाऱ्या कंपनीकडे सिप खाते उघडा. सिप म्हणजे इंटरनेटवरून कॉल जोडण्याची ठरलेली पद्धत. सर्व्हरचा पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड मिळेल. काही ठिकाणी ओळख पटवण्याचे नाव, म्हणजे ऑथेंटिकेशन आयडी, वेगळे असते, तेही विचारून घ्या. कंपनीच्या वेबसाइटचा पासवर्ड आणि सिपचा पासवर्ड बऱ्याचदा निरनिराळे असतात.

आता ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. तो साधारणपणे १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, शिवाय स्टिकरवर छापलेला असतो. अडॅप्टर असेल तर त्याचा स्वतःचा पत्ता वापरा. ‘व्हॉइस’, ‘टेलिफोनी’ किंवा ‘व्हीओआयपी’ या पानावर मिळालेली माहिती भरा. कंपनीने दुसरे काही सांगितले नसेल तर पोर्ट क्रमांक (सर्व्हरशी बोलण्याच्या दाराचा क्रमांक) ५०६० ठेवा. कोडेकमध्ये, म्हणजे आवाज डेटामध्ये बदलण्याच्या पद्धतींच्या यादीत, जी.७११ सर्वांत वर घ्या. त्याला प्रत्येक दिशेने सुमारे ९० केबीपीएस (किलोबिट प्रति सेकंद) इंटरनेट वेग लागतो, पण आवाज स्वच्छ येतो. इंटरनेट फारच मंद असेल तरच कमी वेगात चालणारा जी.७२९ घ्या. ‘एक दाबा, दोन दाबा’ असे सांगणाऱ्या सेवांना बटणांचे सूर कळावेत म्हणून डीटीएमएफ (म्हणजे हे सूर) या सेटिंगमध्ये आरएफसी २८३३ हा पर्याय निवडा.

सेव्ह केल्यावर थोड्या वेळात ‘रजिस्टर्ड’ दिसले पाहिजे. त्याऐवजी ४०३ हा त्रुटी क्रमांक आला तर युजरनेम-पासवर्ड तपासा, ४०८ आला तर सर्व्हरचा पत्ता आणि इंटरनेट जोडणी.

‘रजिस्टर्ड’ दिसले म्हणजे काम झाले असे समजू नका. नोंदणी आणि आवाज नेटवर्कवरून वेगवेगळ्या वाटांनी जातात. या फोनवरून मोबाइलला कॉल करा, मग उलट करा, आणि दोन्ही वेळा किमान दोन मिनिटे बोला. आवाज एकाच बाजूने येत असेल तर राउटरमधले ‘सिप एएलजी’, म्हणजे सिपचा डेटा वाटेत बदलणारे सेटिंग, बंद करा. मदतीसाठी दिलेली ही सोय पुष्कळदा आवाजाचे पत्तेच बिघडवते. कॉल दर वेळी साधारण ३२ सेकंदांनी तुटत असेल तरी पहिला संशय तिच्यावरच घ्या: कॉल उचलल्याची पोच सर्व्हरला मिळत नाही आणि सिपच्या नियमानुसार तेवढा वेळ वाट पाहून तो कॉल संपवतो. फोन काही वेळाने वाजेनासा झाला, तर ‘कीप-अलाइव्ह’ (सर्व्हरशी जोडणी जागी ठेवणारा संदेश दर किती वेळाने पाठवायचा ते) ३० सेकंद करा.

अडचण आली म्हणून ५०६० पोर्ट बाहेरच्या इंटरनेटसाठी उघडून देण्याचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका. असे उघडे पोर्ट शोधून दुसऱ्याच्या खात्यावरून महागडे परदेशी कॉल करणारे सतत टपलेले असतात. पासवर्ड लांबलचक ठेवा, आणि परदेशी कॉल करायचेच नसतील तर कंपनीला सांगून ते बंदच करून घ्या.

कुणी मोठी फाइल अपलोड करू लागताच आवाज तुटत असेल, तर राउटरच्या ‘क्यूओएस’मध्ये, म्हणजे कोणत्या डेटाला आधी वाट द्यायची ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, व्हॉइसला पहिला क्रम द्या.

वीज गेली की हा फोन बंद पडतो. राउटर, फायबर इंटरनेटची केबल जिथे येते तो डबा आणि अडॅप्टर असेल तर तोही, सगळे यूपीएसवर ठेवा. आणीबाणीचे क्रमांक या सेवेवरून लागतात का, आणि त्यासाठी घराचा पत्ता नोंदवावा लागतो का, हे जुनी लाइन बंद करण्याआधी कंपनीला विचारा. लागत नसतील तर मोबाइल हाताशी असू द्या आणि तसे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.