विमानाच्या कामासाठी मुंबईत येणाऱ्या पोरापोरींसाठी

बारावीचा निकाल लागला की मला गावाकडून फोन सुरू होतात. दादा, विमानाचं इंजिनिअरिंग करायचंय, मुंबईत रूम कुठं बघू? रूमचं सांगतो, पण शेवटी. आधी हे सांगा की तुमचा हात मशीनला कुठं लागणार आहे, कारण हा प्रश्न न विचारता मी २००४ ला परतूरहून आलो आणि जवळजवळ दीड वर्ष वाया घालवलं.

बऱ्याच जणांना वाटतं एरोनॉटिकलची डिग्री घेतली की विमान दुरुस्त करायला मिळतं. तसं नाहीये. डिग्रीवाला डिझाईन, ॲनालिसिस, कारखान्यातलं इंजिनिअरिंग याकडे जातो, पवईच्या आयआयटीत एरोस्पेसचं डिपार्टमेंट आहे ते त्या रस्त्याचं. पण विमान उडायला फिट आहे म्हणून ज्याची सही चालते तो लायसन्सवाला एएमई, म्हणजे विमान देखभालीचा इंजिनिअर, आणि ते लायसन्स डीजीसीए, म्हणजे केंद्राचं विमान वाहतूक खातं देतं, कॉलेज देत नाही. आमच्या वेळी पेपर वन, टू, थ्री असायचे, आता डीजीसीएच्या कार-६६ या लायसन्सच्या नियमाप्रमाणे मॉड्यूल, म्हणजे वेगवेगळे पेपर आहेत आणि प्रत्येकात ७५ टक्के लागतात. बोर्डातले ३५ विसरा. बी१.१ म्हणजे जेट इंजिनच्या विमानाचं मेकॅनिकल, बी२ म्हणजे एव्हिऑनिक्स, विमानातलं इलेक्ट्रॉनिक्स. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स पाहिजे किंवा डिप्लोमा.

इन्स्टिट्यूट निवडताना चकाचक रिसेप्शन आणि भिंतीवरचे एअर होस्टेसचे फोटो बघू नका. कार-१४७ चं, म्हणजे हे शिकवायचं डीजीसीएचं अप्रूव्हल आहे का आणि ते कुठल्या कॅटेगरीचं आहे हे कागदावर बघा, डीजीसीएच्या साईटवरच्या यादीशी ताडून बघा. मग विचारा की प्रॅक्टिकल कुठं होतं, कुठल्या हँगरशी करार आहे, आणि मागच्या बॅचच्या दोन पोरांचे नंबर मागा. नंबर द्यायला खळखळ केली तर फी भरू नका, मग ते कितीही 'सीट संपत आल्यात' म्हणू देत.

आमच्या इन्स्टिट्यूटच्या अंगणात एक जुनं विमान होतं, त्याचं काऊलिंग, म्हणजे इंजिनवरचं झाकण, मी कधी उघडलेलं बघितलं नाही, आम्ही फक्त ते धुवायचो, तेही इन्स्पेक्शन असलं की. लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामाची नोंदवही, सीनियरचं बघून उतरवायचं, मास्तर एका बैठकीत पन्नास सह्या ठोकायचे. पहिल्या इंटरव्ह्यूला सुपरवायझरने काही न विचारता दोन बोल्ट, एक वायरचा रोल आणि पक्कड पुढे ठेवली, म्हणाले लॉकवायर मार, म्हणजे बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून वायरीने बांध. मी मारली. दिसायला छान झाली होती, पीळही एकसारखा, पण उलट्या बाजूने. लॉकवायरचा ताण बोल्ट आवळण्याच्या दिशेने पाहिजे, म्हणजे बोल्ट सैल व्हायला लागला तर वायर त्याला धरून ठेवते, माझी वायर त्याला सैल व्हायला मदत करत होती. त्यांनी चहा पाजला आणि घरी पाठवलं. पुढचे आठ महिने मी कुर्ल्यात एका फॅब्रिकेशनच्या गाळ्यात काम केलं, आणि खरं सांगतो फाईल धरायला, व्हर्नियर वाचायला मी तिथं शिकलो, तीन वर्षांची फी भरून नाही.

म्हणून अप्रेंटिसशिप मिळाली तर स्टायपेंड कमी म्हणून नाक मुरडू नका. १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे, केंद्राच्या योजनेतून स्टायपेंडचा काही भाग सरकार देतं, पण खरी कमाई म्हणजे सही झालेलं लॉगबुक. आज काय काम केलं, कुठल्या विमानावर, कुठल्या टास्क कार्डाप्रमाणे (कामाच्या सूचनांचा कागद), हे त्याच दिवशी लिहा आणि त्याच दिवशी सही घ्या. 'पुढच्या आठवड्यात करतो' म्हणणारा माणूस पुढच्या आठवड्यात नोकरीला दोह्याला, कतारला गेलेला असतो, हे माझ्या डोळ्यासमोर झालंय. आणि लायसन्स हातात आलं म्हणजे संपलं असं नाही, एअरबस ए३२० विमानावर सही करायला ए३२० चं टाईप रेटिंग, म्हणजे त्याच मॉडेलची मान्यता, वेगळं लागतं, त्याचा खर्च कंपनी करणार असेल तर बॉण्डचा कागद घरी आणून शांतपणे वाचा, तिथंच उभ्या उभ्या सही करू नका.

आयटीआयवाल्यांनी खट्टू व्हायचं कारण नाही. विमान नुसतं रिपेअर होत नाही, बनतंही. विक्रोळीत गोदरेज इस्रोसाठी विकास इंजिनं बनवतं, चांद्रयान-३ नेणाऱ्या रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यात तीच इंजिनं होती. तिथल्यासारख्या कामाला फिटर, मशिनिस्ट, वेल्डर, सीएनसीवाले लागतात आणि मायक्रॉनमध्ये बोलणारे लागतात. मुंबईबाहेर जायची तयारी असेल तर आणखी बरं. नाशिकजवळ ओझरला विमानं बनवणारी सरकारी कंपनी एचएएल १९६४ पासून आहे, मिग तिथं बनली, सुखोई बनली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथून पहिलं तेजस मार्क वन-ए उडालं. नागपूरच्या मिहानमध्ये एअर इंडियाच्या बोइंग खरेदीतून आलेला एमआरओ, म्हणजे विमान दुरुस्तीचा कारखाना आहे आणि फ्रेंच कंपनी दासोची फाल्कन जेटचे भाग बनवणारी फॅक्टरी आहे. दासोच्या मदतीने नागपूरच्या आयटीआयमध्ये विमानाच्या स्ट्रक्चर फिटरचा दोन वर्षांचा ट्रेडही सुरू झाला. आमच्या वेळी असं काही असतं तर मी मुंबईला आलोच नसतो बहुतेक. वडोदऱ्यात टाटा-एअरबसचा सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाचा कारखाना आहे, ५६ पैकी ४० विमानं तिथं बनायचीयत, आणि बोरिवलीहून वडोदरा काही लांब नाही.

आता सरकारी धोरणाबद्दल, कारण पोरं पेपरातली कात्रणं पाठवतात, दादा इतक्या लाख नोकऱ्या येणार म्हणे. काही गोष्टी खरंच चांगल्या झाल्या. आधी इथं विमान दुरुस्त केलं तर १८ टक्के जीएसटी होता आणि परदेशातून करून आणलं तर कमी टॅक्स पडायचा, म्हणजे आपलीच विमानं सिंगापूर, श्रीलंकेला जाऊन यायची आणि आपली पोरं कलिन्यात बसून माशा मारायची. २०२० ला तो ५ टक्के केला, जुलै २०२४ ला विमानाच्या सगळ्या पार्टवर सरसकट ५ टक्के आयजीएसटी झाला. महाराष्ट्राने २०१८ ला एरोस्पेस आणि डिफेन्सचं वेगळं धोरण आणलं. २०२३ ला एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची ऑर्डर दिली, ही विमानं येत राहतील तसतशी माणसं लागतीलच.

पण माझं म्हणणं असंय की सवलत शेडला मिळते, जमिनीला मिळते, मशीनला मिळते, आणि शिकाऊ पोराला हँगरमध्ये उभं करायचा खर्च मात्र कोणाच्याच खात्यात नसतो. चेकवर आलेलं विमान वेळेत सोडायचं असतं, अशात सीनियर माणूस नवख्याला हाताला धरून शिकवत बसला तर त्याचे तास कोण मोजणार? जो हँगर शिकाऊंचे तास भरून देईल त्याला तेवढी सूट द्या, इतकं साधं आहे ते. आणि विमानतळाजवळ एखादं परवडणारं हॉस्टेल. सरकारी लोकांबरोबरच्या दर मिटिंगला आम्ही हेच बोलतो, ते लोक लिहून घेतात, बिस्किटं चांगली असतात.

तर रूम. कलिना, वाकोला, मरोळ, कुर्ला वेस्ट हे जवळ, महाग आणि दाटीवाटीचं. डोंबिवली-नालासोपारा स्वस्त, पण नाईट शिफ्टवाल्याने आधी हिशेब करा: मधरात्रीनंतर लोकल काही तास बंद असते, मेट्रो त्याआधीच संपते, आणि रिक्षात घातलेले पैसे म्हणजेच वाचवलेलं भाडं. दिवसाची शिफ्ट असेल तर घाटकोपर बाजूच्यांना मेट्रो वनचं एअरपोर्ट रोड आणि मेट्रो थ्रीने टर्मिनलच्या दारात, आमच्यापेक्षा तुमचे हाल कमी आहेत बघा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय, तिकडचं काम मिळालं तर उरण लाईनवर बामणडोंगरी बघा, उलवे तिथंच आहे. चौघांनी मिळून घ्या, पण भाडेकरार रजिस्टर करून घ्या आणि चौघांची नावं त्यात टाका, मालक 'एकाचं पुरे' म्हणेल. विमानतळाच्या आत जायच्या पासला पोलीस व्हेरिफिकेशन लागतं, तिथं पत्त्याचा कागद लागला की रूममेट हात वर करतो.

कागदांवरून आठवलं. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पासपोर्टला वडिलांचं नाव मध्येच कुठंतरी. गावी असतानाच सगळीकडे नाव आणि स्पेलिंग एक करून घ्या. माझ्या रूममधल्या एकाचं परीक्षेचं प्रकरण एका 'ए' वरून अडकलं होतं, त्यासाठी त्याने गावी तीन चकरा मारल्या.

पोरींनी बिनधास्त या, आता हँगरात मुली आहेत, पण शिफ्टला कंपनीची पिकअप-ड्रॉप आहे का हे जॉईन व्हायच्या आधी विचारा, नंतर नाही. ड्युटीच्या आधी ब्रेथ ॲनालायझर होऊ शकतं, त्यामुळे रात्रीची पार्टी आणि सकाळची शिफ्ट जुळवायला जाऊ नका, खोकल्याचं औषधही लेबल वाचून घ्या. आणि शिफ्ट संपताना हत्यारं मोजायची. एक पाना कमी निघाला तर सांगायचं, लाज वाटली तरी सांगायचं, विमान थांबेल, शिव्या पडतील, तासभर सगळे टॉर्च घेऊन शोधतील. माझा एकदा स्क्रू ड्रायव्हर माझ्याच बॉयलर सूटच्या मागच्या खिशात निघाला होता, अजून चिडवतात.

परतूर-जालन्याकडून येणाऱ्यांनी देवगिरीने सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, दादरला उतरा, पूल ओलांडून वेस्टर्नची स्लो पकडा आणि सांताक्रूझला ईस्टला या. बॅग पुढे छातीवर. सकाळची गर्दी उलट दिशेची असते म्हणून चढायला मिळेल. मी शिफ्टला नसलो तर स्टेशनवर येतो.