'पिक अप' वापरताना या चुका टाळा

'पिक अप' आपल्याकडे इतका रुळलाय की तो इंग्रजी शब्द आहे हेही कुणाच्या लक्षात येत नाही. तासगावची द्राक्षं वाहून नेणारी गाडी पिकअप, मोटारसायकल जुनी झाली की तिचा पिकअप गेला, कंपनीच्या बसचा विश्रामबागला पिकअप पॉइंट. पण ही सगळी नामं झाली. क्रियापद म्हणून वाक्यात वापरायची वेळ आली की गाडी अडखळते, आणि अडखळायच्या जागाही ठरलेल्याच असतात.

'मला पिक करा' नव्हे, आणि 'टेक मी' तर नाहीच

"मिरज स्टेशनवर उतरलोय, घ्यायला या" हे इंग्रजीत सांगताना बरेच जण 'कम टु टेक मी' म्हणतात. अर्थ कळतो, पण असं कुणी बोलत नाही. 'कॅन यू पिक मी अप फ्रॉम मिरज स्टेशन?' एवढं पुरे. 'फ्रॉम'च्या जागी 'अ‍ॅट' आलं तरी बिघडत नाही.

यात 'मी' मध्ये आलाय ते बघा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. वस्तूचं किंवा माणसाचं नाव असेल तर दोन्ही जागा मोकळ्या: 'पिक अप द बॅग' बरोबर, 'पिक द बॅग अप'ही बरोबर. पण मी, यू, हिम, हर, इट, अस, देम यांपैकी काही आलं की त्याची जागा मध्येच. 'पिक अप मी', 'पिक अप इट' हे चूकच, त्याला सूट नाही. उलट नाव लांबलचक असेल तर ते मध्ये कोंबू नका. मार्केट यार्डात ठेवलेली हळदीची पोती आणायची असतील तर 'पिक अप द बॅग्ज वुई लेफ्ट अ‍ॅट द मार्केट यार्ड' म्हणा. 'पिक'नंतर एवढं सगळं सांगून शेवटी 'अप' म्हणेपर्यंत ऐकणाऱ्याचा धीर सुटतो.

भूतकाळात 'पिकअप्ड' असं काही नसतं. प्रत्यय पहिल्या शब्दाला लागतो: 'पिक्ड अप'. बोलताना त्या 'ड'चा 'ट' होतो आणि दोन्ही शब्द जुळून 'पिक्टप' असं ऐकू येतं. आणखी एक बारकावा: नाम असेल तर जोर 'पिक'वर, क्रियापद असेल तर 'अप'वर.

प्रत्येक 'उचलणं' म्हणजे पिक अप नव्हे

बाळाला उचललं, पिशवी उचलली, इथे चालतं. पोलिसांनी एखाद्याला उचललं, तिथेही चक्क चालतं: 'द पुलीस पिक्ड हिम अप'. पण कारखान्याने उसाची पहिली उचल दिली याचा पिक अपशी संबंध नाही, तो 'फर्स्ट इन्स्टॉलमेंट'. मुकादमाकडून उचल घेतली तर 'टुक अ‍ॅन अ‍ॅडव्हान्स'. पाऊल उचललं तर 'टुक अ स्टेप', वर्गात हात वर केला तर 'रेझ्ड हिज हँड'. मुलीच्या शिक्षणाचा खर्च मामाने उचलला तर 'पेड फॉर हर एज्युकेशन' हे साधं आणि चोख. हॉटेलचं बिल एकाने भरलं तर मात्र 'ही पिक्ड अप द बिल' अगदी झकास.

'अप' गाळलात तर अर्थच बदलतो. 'दे आर पिकिंग ग्रेप्स' म्हणजे बागेत द्राक्षं तोडताहेत. 'दे आर पिकिंग अप द ग्रेप्स' म्हणजे खाली पडलेली वेचताहेत, किंवा गाडी घेऊन माल न्यायला आलेत. परदेशी खरेदीदाराला मेल करताना हा फरक महागात पडू शकतो. तसंच 'पिक हिम' म्हणजे त्याला निवडा, आणि 'पिक ऑन हिम' म्हणजे त्याला सारखं टोचून बोलणं.

दोन उपयोग आपण फार कमी करतो, ते करायला हवेत. मिरजेकडच्या कितीतरी लोकांना शेजारपाजारच्या सहवासाने कन्नड येतं. क्लास नाही, पुस्तक नाही. त्याला 'शी पिक्ड अप कन्नड फ्रॉम हर नेबर्स'. क्लास लावून शिकली असेल तर सरळ 'लर्न' वापरा. दुसरा उपयोग बाजाराचा: मंदीनंतर व्यवहार हलायला लागले की 'बिझनेस इज पिकिंग अप'.

फोनचं काय? 'ही इज नॉट लिफ्टिंग माय फोन' ऐकलं की परक्या माणसाला वाटेल, तुमचा हँडसेट जड आहे. 'ही इजन्ट पिकिंग अप' म्हणा, पुढे काही जोडायची गरज नाही. 'पिक अप माय कॉल' आपल्या देशात सर्रास चालतं, पण बाहेरच्यांशी बोलताना 'आन्सर माय कॉल' बरं.

आणि एक जपून वापरायची जागा. 'आय पिक्ड अप माय सिस्टर फ्रॉम द स्टँड' यात काही वावगं नाही. पण 'आय पिक्ड अप अ गर्ल' असं नुसतं म्हणालात तर अनोळखी मुलीशी सलगी करून तिला पटवलं असा अर्थ निघतो. सहकारी मुलीला गाडीवरून ऑफिसात आणलं असेल तर 'आय गेव्ह माय कलीग अ लिफ्ट' म्हणून मोकळे व्हा.