टायट्रेशनमध्ये कोणतं भांडं कशाने विसळायचं?

टायट्रेशन म्हणजे प्रमाण माहीत असलेलं द्रावण हळूहळू घालून दुसऱ्या द्रावणाचं प्रमाण शोधणं. इथे शंकुपात्रात आम्ल आणि ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड आहे असं धरू. ब्युरेट (खाली तोटी असलेली, खुणांची लांब काचनळी) आधी ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा, मग त्यात जे द्रावण भरणार त्याच्याच ५ ते १० मिलिने दोन-तीनदा विसळा. आडवं धरून फिरवा, म्हणजे आतली सगळी काच भिजते. प्रत्येक वेळी थोडं द्रावण तोटीतून सोडा, कारण पाणी तिथेच दडून बसतं. हे टाळलं तर काय होतं? ५० मिलिच्या ब्युरेटमध्ये १ मिलि पाणी राहून नीट मिसळलं, तर ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल; मोल हे पदार्थाचं प्रमाण मोजायचं एकक) सोडियम हायड्रॉक्साइड ०.०९८ मोलर होतं आणि २०.० च्या जागी वाचन येतं सुमारे २०.४ मिलि. मग आम्लाची संहती (द्रावणातलं प्रमाण) आहे त्यापेक्षा जास्त वाटते.

पिपेटलाही (ठरावीक माप उचलून घ्यायची काचनळी) हाच नियम, फक्त जे द्रावण मोजून घ्यायचं त्याने.

शंकुपात्राचं (ज्यात टायट्रेशन होतं ते शंकूच्या आकाराचं भांडं) मात्र उलट. ते फक्त ऊर्ध्वपातित पाण्याने विसळा. ओलं राहिलं तरी चालतं. पिपेटने घातलेल्या आम्लाचे मोल पाण्याने बदलत नाहीत. तेच पात्र आम्लाने विसळलं तर मोजणीत नसलेले मोल आत येतात. टायट्रेशन चालू असताना कडेला उडालेले थेंबही पाण्यानेच खाली उतरवा.

सुरुवातीचं वाचन घेण्याआधी नरसाळं काढा (हे हमखास विसरतं!) आणि तोटीखालचा हवेचा बुडबुडा घालवा. तो मध्येच सुटला, तर न पडलेलं द्रावणही वाचनात धरलं जातं. पिपेटच्या टोकातला शेवटचा थेंब फुंकू नका; टोक पात्राच्या काचेला टेकवा, बस.