ऊन पाण्याला जायचं तर

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांचं वय ७८. पन्नासेक पावसाळे चिखलात वाकून भात लावल्यामुळे गुडघे कामातून गेलेले. दर वर्षी मळणी आटोपली, पेंढा रचून झाला, की त्या पडवीत बसून पाय चोळत म्हणतात, "चल गो, ऊन पाण्याला जाऊन येऊ." ऊन पाणी म्हणजे जमिनीतून येणारं गरम पाणी. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यात. आरवली, तुरळ आणि राजवाडी ही गरम पाण्याच्या कुंडांची तिन्ही ठिकाणं आम्हाला हाताशी आहेत. अकरा हिवाळे मी त्यांना नेते आहे. मुंबईचे नातेवाईक फोन करून विचारतात, "वहिनी, कधी जायचं, काय न्यायचं, आईला झेपेल का?" त्या सगळ्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे. घरातलं म्हातारं माणूस डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिते आहे, कारण धडधाकट माणसाला फारसं काही सांगावं लागत नाही.

आधी कधी जायचं ते. पावसाळ्यात नको. आमच्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, नद्या-वहाळ भरून वाहतात, पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि म्हातारं माणूस पाण्यापर्यंत पोचायच्या आधीच पडतं. एप्रिल-मेमध्ये बाहेरच इतका उकाडा असतो की गरम पाण्यात उतरून जीव घाबरा होतो. दिवाळीनंतर ते शिमग्याच्या आधीपर्यंतचे दिवस उत्तम. रविवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा. मकरसंक्रांतीच्या सुमाराला मारळला मार्लेश्वराची यात्रा असते, तेव्हा एस.टी.त उभं राहायलाही जागा मिळत नाही. पहाटे वाफा छान दिसतात म्हणून लोक अंधारात जातात. म्हाताऱ्या माणसाला मात्र थंडीतून एकदम गरमात आणि गरमातून पुन्हा थंडीत नेऊ नये. आम्ही सकाळी आठ-साडेआठला पोचतो. ऊन अंगावर आलेलं असतं, कपडे बदलताना हुडहुडी भरत नाही.

पोचायला अवघड नाही. आरवली आणि तुरळ दोन्ही गावं मुंबई-गोवा महामार्गावर, चिपळूण आणि संगमेश्वरच्या मध्ये. राजवाडी तुरळपासून जवळच, थोडं आत. कोकण रेल्वेनं येणाऱ्यांना आरवली रोड किंवा संगमेश्वर रोड ही स्टेशनं. तिथून रिक्षा करा, वयस्कर माणसाला एस.टी.च्या पायऱ्या चढायला लावू नका.

हे पाणी गरम का, हा प्रश्न नातवंडं हमखास विचारतात. खाली ज्वालामुखी आहे असं कुणी सांगितलं तर ते खोटं. सह्याद्रीचा काळा दगड लाव्हारसाचा हे खरं, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि केव्हाच थंड झालेला. पावसाचं पाणी दगडातल्या भेगांतून खूप खोल जातं. जमिनीत जसजसं खाली जावं तशी उष्णता वाढत जाते, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश. तिथे तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून पुन्हा वर येतं. अशा भेगांची रांगच आहे. ठाणे-पालघरकडची कोकणेरे, सातिवली, वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, रायगडात पालीजवळचं उन्हेरे आणि महाडजवळचं सव, मग आमच्या जिल्ह्यातलं उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी आणि शेवटी राजापूरचं उन्हाळे. सुमारे ३०० किलोमीटरची ही माळ आहे. उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे अशी गावांची नावं वाचली तरी जुन्या माणसांनी काय ओळखलं होतं ते कळतं. आमच्याकडे अजूनही गरम पाण्याला ऊन पाणीच म्हणतात.

आता कुंडाची निवड, आणि ही गोष्ट महत्त्वाची आहे. सगळीकडचं पाणी सारखं गरम नसतं. आरवलीचं आणि राजापूरजवळच्या उन्हाळे गावचं पाणी चाळिशीच्या आसपास, म्हणजे अंगाला सोसेल असं. तुरळला उगमापाशी ते ६० अंशांच्या घरात असतं. खेड-दापोलीकडच्या उन्हवऱ्याला त्याहूनही जास्त, ७० च्या जवळ. ६० अंशांच्या पाण्यात पाय घातला तर काही सेकंदांत कातडी सोलून निघते. म्हणून उगमात कधीही उतरायचं नाही. तिथून पाणी पुढे येऊन निवतं त्या टाक्यात किंवा न्हाणीत आंघोळ करायची, नाहीतर बादलीत काढून थोडा वेळ ठेवायचं. पहिल्यांदाच म्हाताऱ्या माणसाला नेत असाल तर आरवलीपासून सुरुवात करा.

कोपर बुडवून पाहावं असं सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे, तळहात राबून राबून जाड झालेला असतो. पण मी थर्मामीटरही नेते. ताप बघायचं नेऊ नका, ते ४२ च्या पुढे दाखवत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत असतं तसं ११० अंशांपर्यंतचं लांब काचेचं मिळतं, ते दोरीला बांधून पाण्यात सोडायचं. ३८ ते ४० असेल तर आत्या उतरतात. ४२ दाखवलं तर नुसते पाय सोडून बसतात. त्याच्या वर असेल तर बादली.

पिशवीत काय घ्यायचं? दोन जुनी सुती लुगडी, एक पाण्यात नेसायला आणि एक नंतरचं. दोन पंचे. न घसरणाऱ्या रबरी चपला, पाण्याच्या अगदी काठापर्यंत पायात ठेवायच्या. तांब्या. प्यायच्या पाण्याची मोठी बाटली, कारण कुंडाचं पाणी प्यायचं नाही. एक ताकाची बाटली. साबण आणि शाम्पू घरी ठेवा. ते पाणी पुढे वहाळाला जातं, वहाळावर गुरं येतात आणि खाली लोकांची शेतं आहेत.

आणि चांदी घरी ठेवा. पहिल्या वर्षी आत्या जोडवी घालूनच पाण्यात उतरल्या. वर आल्या तेव्हा पंच्यानं पाय पुसता पुसता थांबल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. लग्नात घातलेली जोडवी, आदल्या रात्री राखेनं घासून लखलखीत केलेली, काळपट निळी पडली होती. त्यांना वाटलं काहीतरी अशुभ झालं. घरी येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. अशुभ काही नसतं. पाण्याला उकडलेल्या अंड्यासारखा वास येतो ना, तो गंधकाचा. गंधक चांदीला लागला की तिच्यावर काळा थर चढतो. ॲल्युमिनियमच्या ताटलीत कढत पाणी घ्या, दोन चमचे खाण्याचा सोडा टाका आणि चांदी ताटलीला टेकेल अशी ठेवा. थोड्या वेळात थर सुटतो. मी आत्यांसमोरच करून दाखवलं. तेव्हापासून निघायच्या आधी त्या स्वतःच जोडवी काढून डबीत ठेवतात.

पाण्यात उतरणं हे घाईचं काम नाही. काठावर बसवा. आधी तांब्यानं पावलांवर पाणी, मग पोटऱ्यांवर, मग गुडघ्यांवर. दोन मिनिटं अंगाला सवय होऊ द्या. मग एकेक पायरी. कमरेपर्यंत पाणी पुष्कळ झालं, छातीच्या वर नकोच. बरोबरचं माणूस पाण्यात शेजारी हवं. काठावर फोन घेऊन उभं राहिलेलं माणूस काही उपयोगाचं नाही. पाण्यात आहेत तोवर गुडघा हळूहळू दुमडायला आणि सरळ करायला सांगा, दहा-बारा वेळा. गरम पाण्यानं स्नायू सैल पडतात आणि पाण्यात वजन हलकं होतं, म्हणून जी हालचाल घरी दुखते ती इथे जमते. आत्यांना खरा आराम पडतो तो याच हालचालीनं. नुसतं बसून राहण्यापेक्षा मला तिचं मोल जास्त वाटतं. दहा मिनिटं झाली की बाहेर. पुन्हा इच्छा झाली तर अर्धा तास थांबून पाच मिनिटं.

बाहेर काढताना सगळ्यात जास्त जपा. गरम पाण्यात रक्तवाहिन्या फुलतात, रक्तदाब खाली येतो आणि माणूस झटकन उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. दुसऱ्या वर्षी आत्या माझा हात सोडून उठल्या आणि माझ्याच खांद्यावर कोसळल्या. नशीब मी खालच्या पायरीवर होते. आता आम्ही आधी वरच्या पायरीवर बसतो, पाणी पितो, शंभर आकडे मोजतो आणि मग उठतो. रक्तदाबाची गोळी चालू असेल किंवा हृदयाचं दुखणं असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. गरोदर बाईनं गरम पाण्यात बसू नये. उघडी जखम असेल त्यानंही नाही.

मधुमेह असणाऱ्यांबद्दल वेगळं सांगते. माझ्या सासऱ्यांना वीस वर्षं साखर होती. तळपायांना संवेदना उरली नव्हती, पण त्यांनी ते कधी आम्हाला सांगितलं नाही. "छान कोमट आहे" म्हणत ते टाक्यात पाय सोडून बसले. घरी आल्यावर टाचेवर रुपयाएवढा फोड दिसला. तो भरायला तीन महिने लागले. ज्याला साखर आहे त्याच्या सांगण्यावर पाणी ठरवू नका. दुसऱ्यानं कोपर बुडवायचं, थर्मामीटर बघायचं आणि घरी आल्यावर तळपाय उजेडात नीट तपासायचे.

आणखी एक, मुलांसाठी. डोकं पाण्याखाली घालू देऊ नका, सूर मारणं तर नाहीच. उबदार गोड्या पाण्यात एक अमिबा वाढू शकतो. तो नाकावाटे मेंदूपर्यंत गेला तर माणूस सहसा वाचत नाही. असं फार क्वचित घडतं, पण नाक कोरडं ठेवणं आपल्या हातात आहे. कुंडात तांदळाची पुरचुंडी सोडायचा खेळही करू नका. ६० अंशांत भात शिजत नाही, दाणे तेवढे तळाशी कुजतात.

आंघोळीनंतर भूक सपाटून लागते. तेलकट वडे नकोत. आम्ही घरून नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी नेतो आणि घरी आल्यावर कुळथाची पिठी आणि ऊन ऊन भात. दुपारी दोन तास झोप. संध्याकाळी पुन्हा कढत पाण्यानं आंघोळ नाही.

परतताना घाई नसेल तर शेतांकडे बघत चला. वर जांभ्या दगडाचा सडा म्हणजे उघडा माळ, त्याच्याखाली उतारावर नाचणी-वरीची वरकस जमीन आणि तळाशी नदीच्या गाळाचे भाताचे मळे. भात कापल्यावर जमिनीत जी ओल राहते तेवढ्यावर पावटा आणि कुळीथ येतो, वेगळं पाणी द्यावं लागत नाही. जानेवारीत मेरेवरून, म्हणजे बांधावरून, चालताना दोन्ही बाजूंना पावट्याची पांढरी-जांभळी फुलं असतात. मेरेवरूनच चाला, आत पाय टाकू नका. ती मोकळी जमीन नाही, कुणाच्या तरी वर्षभराच्या आमटीची सोय आहे. शेंगा हव्या असतील तर शेतात बाई दिसेल तिला विचारा, ती पैसे घेऊन ताज्या काढून देईल.

कुंडाच्या खालच्या अंगाला जमीन असलेल्यांसाठीही थोडं. गंधकाचं पाणी पिकाला चांगलं, असं कुणी तरी सांगितलं म्हणून एका वर्षी मी ओहोळाचं पाणी पाट काढून मिरचीच्या वाफ्याला घेतलं. दोन आठवड्यांत पानांच्या कडा करपल्या. इतकं खोल फिरून आलेलं पाणी दगडातले क्षार घेऊन येतं, मीठही विहिरीच्या पाण्यापेक्षा जास्त असतं. मिरची, पावटा आणि भाताचा कोवळा तरवा (लावणीची रोपं) यांना ते सोसत नाही. माडाला त्यामानानं सोसतं. पाणी वापरायचंच असेल तर आधी तपासून घ्या, क्षारता आणि सोडियम किती ते बघा, टाकीत थंड करा आणि विहिरीच्या पाण्यात मिसळून द्या. माझा तो वाफा पुढच्या पावसानं धुऊन काढला तेव्हा पुन्हा लागवडीला आला.

ऊन पाण्यानं संधिवात बरा होतो का, हेही विचारतात. झिजलेला सांधा भरून येत नाही. आत्यांच्या गोळ्या चालूच आहेत आणि त्या थांबवू नका असं डॉक्टरांनी बजावलंय. पण ऊन पाण्याला जाऊन आलेल्या संध्याकाळी मी गोठ्यात दूध काढत असते, तेव्हा आत्या भिंतीचा आधार न घेता उंबरा ओलांडून येतात, गाईच्या पाठीवर हात फिरवतात आणि विचारतात, "परत कधी जायचं गो?"

पंधरा दिवसांनी, मी सांगते. पावटा काढून झाला की.